५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट का सुरू होत नाही? वायफाय ड्रायव्हर, देशाचा कोड आणि नियम

तारेवाचून

लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याचाच ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे इतरांना वायफाय देणारं यंत्र) करून दोन-चार यंत्रं जोडायची, एवढाच बेत होता. २.४ गिगाहर्ट्झवर होस्टएपीडी (लिनक्सला एपी बनवणारा प्रोग्राम) बिनबोभाट चालतं. चॅनल ३६ दिलं की 'ही फ्रिक्वेन्सी एपी मोडसाठी चालणार नाही' अशा अर्थाची ओळ टाकून बंद पडतं. 'आयडब्ल्यू लिस्ट' ही कार्डाची क्षमता दाखवणारी आज्ञा देऊन बघितलं, तर ५ गिगाहर्ट्झच्या सगळ्या चॅनलांपुढे 'नो आयआर'.

मग 'आयडब्ल्यू रेग सेट' करून देश सांगितला. 'आयडब्ल्यू रेग गेट'चं उत्तर मोठं मजेशीर आहे. वर 'ग्लोबल'खाली मी सांगितलेला देश दिसतो. त्याखाली 'फाय#० (सेल्फ-मॅनेज्ड)', म्हणजे लॅपटॉपचं वायफाय कार्ड, आणि तिथे देश ००. म्हणजे ऐकलं तर आहे, पण मानलेलं नाही! याच लॅपटॉपला मीडियाटेक चिपवाली यूएसबी डोंगल लावली की तिला मात्र नवा देश मुकाट्याने लागू होतो.

शेवटचा शब्द नक्की कोणाचा? कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा), कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचा, की कार्डाच्या आतच चालणाऱ्या फर्मवेअरचा? आणि हा ०० कुठला देश?

कर्नलकाका

शेवटचा शब्द कोणा एकाचा नाही. जो सगळ्यात कमी परवानगी देईल, त्याचं चालतं.

लिनक्समध्ये सीएफजी८०२११ नावाचा भाग ही सगळी बाजू सांभाळतो, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला देशोदेशीच्या नियमांची वेगळी यादी बाळगावी लागत नाही. मशीन सुरू होताना आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ०० पासून सुरुवात करतो. हा देश नव्हे. जगात कुठेही उघडलं तरी सहसा नियमभंग होऊ नये, असा तो किमान संच. १ ते ११ चॅनलं खुली, १२-१३ वर फक्त ऐकायचं, ५ गिगाहर्ट्झवर तर सगळीकडेच फक्त ऐकायचं. देशोदेशीच्या नियमांच्या मध्यवर्ती डेटाबेसच्या मजकूर फाइलीतली त्याची एक ओळ बघा:

(५१७० - ५२५० @ ८०), (२०), नो-आयआर, ऑटो-बीडब्ल्यू

पहिल्या कंसात मेगाहर्ट्झमधला पट्टा आणि चॅनलची कमाल रुंदी. दुसऱ्यात कमाल शक्ती डीबीएममध्ये; २० म्हणजे १०० मिलिवॉट. नो-आयआरचा अर्थ असा की कार्डाने त्या पट्ट्यात आपणहून काही प्रक्षेपित करायचं नाही. बीकन (एपी सतत पाठवतो ती 'मी इथे आहे' अशी खूण) पाठवता येत नाही, म्हणजे एपी होता येत नाही. 'इथे कोणी आहे का?' अशी प्रोब रिक्वेस्टसुद्धा नाही. कोणाचा बीकन कानावर पडला तरच त्याला जोडून घ्यायचं. तुमचं होस्टएपीडी नेमकं इथे अडतं.

आता देश कोण सांगतं? एक तर कर्नलचा गाभा स्वतः (तो ००), दुसरे तुम्ही, तिसरा ड्रायव्हर (कारखान्यात कार्डाच्या ईईप्रॉम या कायमस्वरूपी स्मृतीत लिहिलेला कोड वाचून), आणि चौथा समोरचा ॲक्सेस पॉइंट. बीकनमध्ये देशाचा कोड घालायची सोय २००१ च्या ८०२.११डी पासून आहे. ड्रायव्हर एक म्हणतो आणि तुम्ही दुसरं, असं झालं की बहुतेक वेळा दोन्हींमध्ये जे सामाईक आहे तेवढंच ठेवलं जातं. रेग गेटमध्ये देशाच्या जागी ९८ दिसलं, तर असा छेद निघालाय असं समजा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ड्रायव्हर स्वतःची नोंदणी करतो त्या क्षणी प्रत्येक चॅनलच्या मूळ खुणा आणि मूळ शक्ती सीएफजी८०२११ बाजूला जपून ठेवतो. पुढे देश कितीही वेळा बदला, ड्रायव्हरने सुरुवातीलाच बंद म्हणून सांगितलेलं चॅनल उघडत नाही, आणि शक्तीसाठी मूळ आकडा आणि नियमातला आकडा यांतला लहान तो घेतला जातो. थोडक्यात, एकाखाली एक चाळण्या लावल्यात. तुम्ही आणखी बारीक चाळण लावू शकता, वरची काढू शकत नाही.

तारेवाचून

वा काका, ०० चं कोडं सुटलं. पण मग सेल्फ-मॅनेज्डचं काय? तिथे तर छेदही दिसत नाही, सरळ दुर्लक्ष दिसतंय.

कर्नलकाका

बरोबर ओळखलंत. काही ड्रायव्हर सीएफजी८०२११ला सांगतात, 'आमचं आम्ही बघतो.' त्यासाठी खास खूण आहे. ती लावली की मध्यवर्ती डेटाबेस त्या कार्डाला लागू होत नाही. ड्रायव्हर फर्मवेअरकडून नियमांचा तक्ता मागून घेतो आणि तोच कर्नलला देतो. वरचा 'ग्लोबल' देश बाकीच्या कार्डांसाठी. तुमची डोंगल त्यात मोडते, म्हणून ती ऐकते.

तुमच्या लॅपटॉपात इंटेलचं कार्ड असणार. ८२६० पासूनच्या पिढ्यांमध्ये ठिकाण ओळखून नियम ठरवायचं काम फर्मवेअरच करतं. आजूबाजूच्या एपींच्या बीकनमधले देशाचे कोड ऐकतं आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधतं. ते ठरेपर्यंत ००. पूर्वी इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर-मोड्यूलला हे बंद करायचा एक पॅरामीटर होता. जुन्या लेखांमध्ये अजून तोच उपाय दिलेला असतो, पण कर्नलमधून तो कधीच गेला, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

करून बघण्यासारखं एकच आहे: हॉटस्पॉट सुरू करण्याआधी एक पूर्ण स्कॅन घ्या आणि मग रेग गेट बघा. आसपास देशाचा कोड पाठवणारे एपी असतील तर ०० जाऊन देश येईल. मात्र देश आला म्हणजे नो-आयआर गेलंच असं नाही. तो देश तिथे एपी चालवायला मोकळीक देत असला, तरी फर्मवेअरच्या तक्त्यात ती खूण राहू शकते. कार्ड बनवणाऱ्याने ते लॅपटॉपमधलं ग्राहक-यंत्र (एपीला जोडून घेणारं) म्हणून प्रमाणित करून घेतलेलं असतं, एपी म्हणून नाही.

उपद्व्यापी

एवढं पुराण कशाला? 'आयडब्ल्यू रेग सेट बीओ'. बोलिव्हिया. शक्ती ३० डीबीएम करा, मजा करा. कुठल्याही पेनटेस्टिंगच्या (सुरक्षा-चाचणीच्या) ट्युटोरियलमध्ये पहिल्या पानावर असतं हे.

अँटेना

पहिल्या पानावर असतं म्हणूनच इतके लोक फसतात. आकडा दिसतो ३०, बाहेर पडतात १७.

देशाचा नियम सांगतो ती कमाल मर्यादा. चिपमागचा ॲम्प्लिफायर १७-१८ डीबीएमचा असेल तर मर्यादा ३० केल्याने तो मोठा होत नाही. समजा, तो जास्त ताणता आलाच, तरी १०२४-क्यूएएमसारख्या दाट (एका वेळी जास्त माहिती कोंबणाऱ्या) मॉड्युलेशनला सिग्नल स्वच्छ लागतो. ताणलेला ॲम्प्लिफायर तो विकृत करतो, चुका वाढतात आणि दर उलट खाली येतो. म्हणून चांगली कार्डं वरच्या दरांना आपणहून शक्ती कमी ठेवतात.

ॲथेरॉसच्या जुन्या कार्डांचं ईईप्रॉम उघडून बघितलंय कोणी? त्यात एफसीसी (अमेरिका), ईटीएसआय (युरोप) आणि जपान अशा तीन गटांसाठी वेगवेगळे तक्ते असतात, प्रत्येक चॅनलच्या काठावरच्या शक्तीसह. अमेरिकेच्या नियमांत २३९० मेगाहर्ट्झच्या खाली आणि २४८३.५ च्या वर संरक्षित पट्टे आहेत. तिथे सांडलेली ऊर्जा चालत नाही, म्हणून चॅनल १ आणि ११ ला मधल्या चॅनलांपेक्षा कमी शक्ती दिलेली सापडते. देश बदलला की ड्रायव्हर वेगळा गट उचलतो. म्हणजे 'जास्त शक्तीचा' देश निवडून एखाद्या काठावरच्या चॅनलला आधीपेक्षा कमी शक्ती मिळाली, असंही होतं.

आणि राउटरची शक्ती वाढवून फोनची वाढत नाही. राउटरचं फोनला पोचलं तरी फोनचं उत्तर राउटरला पोचायला हवं ना. दांड्या पूर्ण दिसतात, पान मात्र उघडत नाही.

उपद्व्यापी

मान्य, पण मॉनिटर मोडमध्ये (हवेतलं सगळं ऐकताना) इंजेक्शन करताना (स्वतःची पॅकेटं सोडताना) फरक पडतो हे मी स्वतः बघितलंय.

अँटेना

वेगळा ॲम्प्लिफायर असलेल्या डोंगलवर पडेल की. तिथे मर्यादा खरोखर नियमाची असते, हार्डवेअरची नाही. पण मग तुम्ही जिथे बसलाय तिथला कायदा मोडताय, बोलिव्हियाचा नाही. कोड बदलून लॅपटॉप परदेशी जात नाही.

नुसताच वाचक

थोडं अवांतर. माझ्या राउटरला चॅनल १०० दिलं की नेटवर्क लगेच दिसत नाही, साधारण मिनिटभराने येतं. एकदा १२४ दिलं तर इतका वेळ काहीच नाही की राउटर गेला असं वाटलं. याचा या विषयाशी संबंध आहे का?

भिंगरी

अवांतर कसलं, हाच तर या नियमांचा सगळ्यात रंजक भाग.

५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ या पट्ट्यांत वायफायच्या आधीपासून रडार आहेत: हवामानाचे, जहाजांचे, लष्कराचे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हे पट्टे वायफायला मिळाले ते 'रडार दिसलं की बाजूला व्हायचं' या अटीवर. त्यालाच डीएफएस म्हणतात. चॅनलवर बोलण्याआधी एपीने ६० सेकंद नुसतं ऐकायचं. हे तुमचं मिनिट. युरोपच्या नियमांत ५६०० ते ५६५० हा हवामान-रडारचा पट्टा, तिथे हेच १० मिनिटं. चॅनल १२४ म्हणजे ५६२० मेगाहर्ट्झ, बरोबर त्यात. राउटर गेला नव्हता, कान लावून बसला होता.

चालू असताना रडारचा ठोका ऐकू आला, तर सगळ्या ग्राहकांना 'अमुक चॅनलवर चला' असं सांगून १० सेकंदांच्या आत निघायचं आणि ३० मिनिटं तिथे फिरकायचं नाही.

ड्रायव्हरच्या बाजूने हे अवघड काम आहे. रडार ओळखायचं कसं? ॲथ९के (ॲथेरॉस कार्डांचा ड्रायव्हर) मध्ये हार्डवेअर प्रत्येक संशयास्पद ठोक्याची रुंदी आणि वेळ कळवतं. ड्रायव्हरमध्ये नमुने ओळखणारा वेगळा कोड आहे. तो ठोक्यांमधलं अंतर मोजतो आणि एफसीसी, ईटीएसआय किंवा जपानच्या ठरलेल्या नमुन्यांशी ताडतो. डेटाबेसमध्ये प्रत्येक देशापुढे या तिघांपैकी कुठली पद्धत हे लिहिलेलं असतं ते यासाठीच. कधी शेजारच्या एपीच्या अर्धवट पॅकेटलाही रडार समजून पळ काढला जातो. रात्री अचानक चॅनल बदलणारे राउटर बहुधा यातलेच. ज्या ड्रायव्हरने रडार ओळखता येतं असं जाहीरच केलेलं नाही, त्याला कर्नल या चॅनलांवर एपी होऊ देत नाही, देश कुठलाही सांगा.

फोन आणि लॅपटॉपवर मात्र सहसा हा भार नसतो. ते एपीच्या मागे चालतात, एपी निघाला की तेही निघतात.

नुसताच वाचक

धन्यवाद! पण एवढी कडक अट खरंच लागते का? माझ्या १०० मिलिवॉटने रडारला काय होणार?

भिंगरी

एकट्याने नाही. पण २००९ मध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआनला विमानतळाच्या हवामान-रडारवर व्यत्यय दिसू लागला. शोध घेतला तर ५ गिगाहर्ट्झची बाहेर उंचावर लावलेली उपकरणं निघाली. रडार किलोमीटरच्या किलोमीटर दूरच्या थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो, त्याला तुमचे १०० मिलिवॉट फार मोठे. पडद्यावर अशा उपकरणाच्या दिशेने एक सरळ पट्टा उमटतो आणि त्या दिशेचा पाऊस दिसत नाही.

मुक्तछंदी

इथवर सगळे नियमांची बाजू घेताय, म्हणून दुसरी बाजू. सान हुआनसारख्या घटनांनंतर एफसीसीने उत्पादकांना सांगितलं की रेडिओची मर्यादा वापरकर्त्याला बदलता येता कामा नये. मर्यादा रेडिओची, पण काही कंपन्यांनी सोपा मार्ग म्हणून राउटरचं सगळं फर्मवेअरच कुलूपबंद केलं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर) घालणाऱ्यांचा त्यात काय दोष? ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेली तडजोड बघा. देशाचा कोड बदलून राउटर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्तीने चालवता येत होते म्हणून दोन लाख डॉलर दंड झाला, पण त्याच तडजोडीत मुक्त फर्मवेअरला वाट ठेवायचं काम कंपनीने मान्य केलं. म्हणजे दोन्ही एकत्र जमतं, फक्त कष्ट घ्यावे लागतात.

आणि सेल्फ-मॅनेज्ड फर्मवेअर हे मला त्या कुलुपाचंच सभ्य रूप वाटतं. मध्यवर्ती डेटाबेस निदान वाचता तरी येतो. कुठल्या देशापुढे काय लिहिलंय, कुठल्या सरकारी कागदावरून, हे उघड्यावर असतं; चूक दिसली तर कोणीही पॅच पाठवतो. फर्मवेअरमधला तक्ता चुकला तर कोणाला सांगणार?

कर्नलकाका

शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. तीनचार वर्षांपूर्वी नियम सैल झालेल्या देशात आजही जुन्या मर्यादेने चालणारी कार्डं आहेत, कारण उत्पादकाने फर्मवेअर अद्ययावत केलेलं नाही.

पण डेटाबेसही अगदी मोकळा नाही हं. तो डिजिटल सही केलेला असतो. पूर्वी सीआरडीए नावाचा एक छोटा प्रोग्राम सही तपासून नियम कर्नलला देत असे. ४.१५ पासून कर्नल डेटाबेसची फाइल फर्मवेअरसारखी थेट उचलतो आणि स्वतःच्या पोटातल्या किल्लीशी सही ताडतो. फाइलीत नुसता आकडा बदलून ठेवलात तर ती नाकारली जाते. स्वतःची किल्ली घालून कर्नल बांधता येतो. तपासणी सैल करायचा पर्यायही आहे, पण तो 'प्रमाणपत्राची जबाबदारी माझी' अशा अर्थाच्या वेगळ्या पर्यायामागे लपवलाय, चालू केल्याशिवाय दिसतच नाही. मला हा तोडगा आवडतो. दार आहे, आणि उघडणाऱ्याला आपण काय करतोय हे कळतं.

सुटे भाग

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांसाठी भर घालतो. ३बी+ पासून देश सांगेपर्यंत वायफाय आरएफकिलने (रेडिओ बंद ठेवणाऱ्या कर्नलच्या खटक्याने) बंदच ठेवलेलं असतं. 'कार्ड मेलं' म्हणून निम्मे प्रश्न येतात. रास्पी-कॉन्फिगमध्ये देश निवडा, संपलं. आत ब्रॉडकॉमची चिप आहे आणि तिचा नियमांचा तक्ता फर्मवेअरसोबत वेगळ्या सीएलएम फाइलीत येतो. ती फाइल नसेल किंवा दुसऱ्या आवृत्तीची असेल तर काही चॅनलं गायब. तेव्हा देश बरोबर असूनही चॅनल दिसत नसेल, तर आधी डीमेसेज (कर्नलचे संदेश) वाचा.

चॅनल तेरा

माझा अनुभव वेगळा. घरी १३ वर एपी, सगळं ठीक. लॅपटॉप एका दुसऱ्या नेटवर्कला जोडला की लगेच १३ बंद. तिथला राउटर बाहेरून आणलेला, बीकनमध्ये यूएस ओरडत असतो. तिथे असताना रेग सेट करूनही उपयोग झाला नाही.

कर्नलकाका

जोडणी होताच समोरच्याचा देश लागू होतो, आणि त्यानंतर तुम्ही काही सांगितलंत तर छेदच निघतो. अमेरिकेत १३ जवळजवळ कोणी वापरत नाही, डेटाबेसमध्येही त्या देशाची ओळ २४७२ मेगाहर्ट्झला थांबते, त्यामुळे छेदात १३ नाही. कर्नलच्या कोडात यावर एक खवचट शेरा आहे: वापरकर्त्याला जास्त कळत असेल तर त्याने बीकन मिळण्याआधीच देश सांगावा. जोडणी तुटली की आधीची स्थिती परत येते.

(१४ बद्दल कोणी विचारायच्या आत: ते फक्त जपानचं, २४८४ मेगाहर्ट्झ, आणि तेही ८०२.११बी पुरतंच. ओएफडीएम ही वेगवान पद्धत तिथे चालत नाही.)

तारेवाचून

स्कॅन केला. ०० जाऊन देश आला, पण ३६ पुढचं नो-आयआर तसंच. काकांनी म्हटल्याप्रमाणेच झालं. शेवटी डोंगलवर होस्टएपीडी चालवलं, कॉन्फिगमध्ये देशाचा कोड आणि ८०२११डी चालू, ३६ वर ८० मेगाहर्ट्झ मिळतात. इंटेलचं कार्ड आता नुसतं ग्राहक.

एक शेवटचं. ६ गिगाहर्ट्झचं कार्ड घ्यायचा विचार आहे. तिथेही हेच?

भिंगरी

तिथे जरा जास्तच. एफसीसीने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असे अख्खे १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. युरोपने २०२१ मध्ये ५९४५ ते ६४२५ एवढेच. त्यामुळे देश चुकला की निम्म्याहून जास्त पट्टा जातो. शिवाय आता देशासोबत 'कुठल्या प्रकारचा एपी' हेही लागतं. घरातला कमी शक्तीचा, कुठेही चालणारा अगदी क्षीण शक्तीचा, की अमेरिकेत आहे तसा ठिकाण कळवून डेटाबेसकडून चॅनलं मागणारा पूर्ण शक्तीचा? तिघांच्या मर्यादा वेगळ्या. एपी आपला प्रकार बीकनमध्ये सांगतो आणि ग्राहकाला त्यानुसार आपली शक्ती धरावी लागते. 'आयडब्ल्यू लिस्ट'मध्ये ६ गिगाहर्ट्झची सगळी चॅनलं 'डिसेबल्ड' दिसली, तर कार्ड परत करायच्या आधी कर्नल, फर्मवेअर आणि डेटाबेस तिन्ही नवे आहेत का ते बघा. आणि एपी करायचा असेल तर तुमच्या लॅपटॉपमधल्यासारखं ग्राहक-कार्ड घेऊ नका.